मदत हवी आहे: भित्र्या कुत्र्याला निवासी ट्रेनिंगला ठेवावं का?

आमचा मोती देशी आहे, अडीच वर्षांचा, नसबंदी झाली आहे. घरात शहाणा, पण लिफ्टचं दार उघडून हेल्मेटवाला डिलिव्हरी बॉय दिसला की अंगावर धावतो, आणि शेपूट मात्र पोटाशी. म्हणजे हा माज नाही, भीती आहे. अजून कुणाला चावलेला नाही. व्हेटने कान, सांधे तपासले. दुखणं काही नाही. गळपट्ट्याऐवजी हार्नेस, लांबून माणूस दाखवून चिकनचा तुकडा, घरी येणारा ट्रेनर, सगळं करून झालं. ट्रेनर समोर असेपर्यंत ठीक, मग ये रे माझ्या मागल्या.

आता मुळशीकडचं एक केंद्र महिनाभर ठेवून घ्यायला तयार आहे. पहिले पंधरा दिवस भेटायचं नाही, व्हिडिओ तेच पाठवणार. पद्धत विचारली तर म्हणे, "ते आमच्यावर सोडा." इथेच पाल चुकचुकली. त्यात मोती परक्या जागी जेवत नाही. लसी पूर्ण आहेत, केनेल कफचीही (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला). सोसायटीच्या तक्रारी चालू असल्याने फार थांबता येणार नाही.

असा कुत्रा ठेवलेल्यांनी सांगा: तिथे शिकलेलं घरी आल्यावर टिकलं का? आणि पैसे भरण्याआधी तिथे जाऊन नेमकं काय पाहून घ्यावं?