मदत हवी आहे : मे महिन्यातील ताडोबा सफारी आणि आईचे इन्सुलिन

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ७१ वर्षांच्या आईला घेऊन ताडोबाला जात आहोत. मुक्काम मोहर्लीला असून गाभा क्षेत्रातील सकाळची एक व दुपारची एक अशा दोन सफारींचे आरक्षण झाले आहे. चंद्रपूरचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या आसपास असतो, जिप्सी उघडी असते आणि सुमारे चार तास मध्येच खाली उतरता येत नाही. आईला दुपारच्या सफारीच्या वेळेतच इन्सुलिन घ्यावे लागते. वेळ बदलण्यास डॉक्टरांनी नकार दिला आहे. खोलीत फ्रिज आहे, त्यामुळे मुक्कामाची चिंता नाही. घरी बर्फाच्या थर्मासचा प्रयोग केला, पण इन्सुलिन टोचायचे पेन बर्फाला टेकून गोठण्याच्या बेतात आले, आणि गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ओल्या सुती फडक्यात गुंडाळून मातीच्या गाडग्यात ठेवलेले पेन मात्र चांगले गार राहिले. तथापि खडबडीत रस्त्यावर गाडगे टिकणार नाही. दुपारची सफारी रद्द करणे हा आमचा शेवटचा पर्याय आहे, कारण वाघ पाहण्याची आईची फार इच्छा आहे.

गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही, म्हणून विचारते : आत साखर एकदम उतरली तर गाइड किंवा चालक मदत कशी मागवतात, आणि उन्हाळ्यात जिप्सीत इन्सुलिन नेलेल्या कोणी ते कशात ठेवले होते?