कॉमन मीटरचं बिल, एलईडी आणि रात्रीचे ब्लिंक

खजिनदार: सोसायटीच्या कॉमन मीटरचं (सामाईक दिवे, लिफ्ट, पंप) बिल आलंय. एलईडी लावल्यानंतरचं पहिलं पूर्ण बिल. मागच्या वर्षी याच महिन्यात १६८० युनिट होते, आता १७१६. कोणी काही विचारू नका, मीच डोक्याला हात लावून बसलोय.

ए-१०२: तरी मी मीटिंगमध्ये बोललो होतो. चांगल्या चालत्या ट्यूब काढून टाकल्यात.

सी-३०३: म्हणजे सगळा खर्च पाण्यात??

बी-४०१: थांबा थांबा, दोन्ही बिलांवरच्या रीडिंगच्या तारखा टाका ना आधी. आणि रीडिंग खरं घेतलेलं आहे की ॲव्हरेज लावलंय तेपण बघा.

खजिनदार: मागचं २८ दिवसांचं, हे ३३ दिवसांचं. रीडिंग दोन्ही खरी.

बी-४०१: मग १६८० भागिले २८ म्हणजे रोजचे ६०, आणि १७१६ भागिले ३३ म्हणजे ५२. रोज ८ युनिट कमीच झालेत की. रकमेकडे तर बघूच नका, दर बदलतो, स्थिर आकार बदलतो, कधी मागची बाकी येऊन बसते, त्यात वीज किती वाचली ते काही कळत नाही.

सेक्रेटरी: वा! मग बोर्डावर लिहून टाकतो, रोज ८ युनिट बचत.

बी-४०१: नका लिहू, कारण ८ फार कमी आहेत. जुनी ट्यूब चोकसकट ५० वॉटच्या आसपास खायची, नवीन २० ची आहे, म्हणजे नगामागे ३० वॉट वाचले, असे ६० नग रोज १२ तास, म्हणजे २१.६ युनिट रोज वाचायला पाहिजेत. दिसतायत ८. मग उरलेले साडेतेरा गेले कुठे? बचत मोजायची म्हणजे नुसतं जुनं बिल वजा नवं बिल नाही, हे काम केलं नसतं तर आज किती लागली असती त्याच्याशी तुलना करायची. मधे दुसरं काहीतरी वाढलं असलं तर ते बचत गिळून टाकतं आणि आपण बिचाऱ्या एलईडीला शिव्या घालतो.

सी-३०३: आमच्या घरी पण हेच झालंय, नवीन एसी घेतला कमी वीज खाणारा, तरी युनिट जास्तच.

बी-४०१: ताई, यंदा ऊन जास्त होतं की. घरच्या बिलात हवामान धरावंच लागतं. महिन्याचं सरासरी तापमान आणि रोजचे युनिट असे वर्षभराचे १२ ठिपके कागदावर काढा, जुन्या एसीचे वेगळे, नव्याचे वेगळे. तेवढ्याच तापमानाला नवे ठिपके खाली आले तर एसी चांगला आहे. याचंच मोठं रूप म्हणजे डिग्री-डे, म्हणजे रोजचं तापमान एका ठरावीक आकड्याच्या किती अंश वर गेलं त्याची बेरीज. आयपीएमव्हीपी नावाची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, तिच्यात अख्ख्या इमारतीच्या मीटरवरून मोजायचं तर बचत साधारण १० टक्क्यांच्या वर अपेक्षित असावी म्हणतात, त्याखालची महिन्याच्या चढउतारातच हरवते. कॉमन मीटरवर एसी नाही म्हणून आपलं सोपं आहे.

ए-१०२: बरं मग साडेतेरा युनिट चोरीला गेले का?

बी-४०१: काका, तुम्ही रात्री जागे असताच ना? दोन वाजता मीटरवरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो तेवढं मोजा. मीटरवर ८०० इम्पल्स लिहिलंय, म्हणजे ८०० ब्लिंकला एक युनिट. रात्री नुसते ६० दिवे चालू असतील तर मिनिटाला १६ यायला पाहिजेत.

ए-१०२ (रात्री २.१०): ७०!! दोनदा मोजले. लिफ्ट उभीच आहे. आणि पंपाचा आवाज येतोय.

बी-४०१: ५४ जास्तीचे म्हणजे ४ किलोवॉट, पंपच आपला. तो रोज साडेतीन तास जरी जादा चालत असेल तरी साडेतेरा युनिट भरले.

सी-३०३: अगंबाई. टाकी ओव्हरफ्लो होतेय का मग? पाण्याचं बिल पण वाढलं असेल.

खजिनदार: पाण्याचं बिल काढून बसलो, रोजच्या हिशोबाने जवळजवळ जेवढ्यास तेवढं. उलट थोडं कमीच.

ए-१०२: मग पाणी बाहेर जातच नाहीये. अहो, वरून खाली परत येतंय! आपली पंपाची लाइन टाकीला खालून जोडलीय, एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, गेला असणार, वर चढवलेलं पाणी रात्रभर त्याच पाइपने खालच्या टाकीत उतरतं आणि लेव्हल कमी झाली की पंप परत चालू. तेच पाणी गोल गोल.

बी-४०१: काका, मान गये. मला सुचलंच नव्हतं हे.

सेक्रेटरी: प्लंबर येऊन गेला. व्हॉल्व्हची फ्लॅप अर्धवट उघडीच अडकून बसलेली, फोटो टाकतो. नवीन बसवला. आता पुढचं बिल आलं की बघू.

बी-४०१: बिलाची कशाला वाट बघता, दर रविवारी रात्री १० ला मीटरचा फोटो याच ग्रुपवर टाका, आठवड्याची वजाबाकी भागिले ७. हिशोब बरोबर असेल तर ३८-३९ च्या आसपास यायला पाहिजे. आणि मागची १२ महिन्यांची बिलं पण एका शीटमध्ये टाकून ठेवा, एका महिन्यावर विश्वास नाही आपला.

ए-१०२ (रात्री २.०५): आज १७. पंप बंद. एक जास्तीचा ब्लिंक कोणाचा ते बघायला पार्किंगला चाललोय.

सी-३०३: काका झोपा आता 😄