मदत हवी आहे: आजी गेली, आई आणि मावशीचा अबोला सोडवायचा आहे

बोरीकाठची_भाची

नमस्कार. थोडक्यात परिस्थिती सांगते. माघात आजी गेली. थोरली मुलगी (माझी आई) भुसावळला, धाकटी (मावशी) नंदुरबारला, मामा गावी, अमळनेर तालुक्यात. आजोबांच्या पश्चात सहा एकरांपैकी आपल्या वाट्याचा हक्कसोड (हिश्श्यावरचा हक्क सोडल्याचा दस्त) आईने मामाला लिहून दिला, मावशीने दिला नाही. तेव्हापासून दोघी बोलत नाहीत. आता दोघीही माझ्याकडे एकमेकींची चौकशी करतात.

पहिला फोन कोणी आणि कसा करावा? मामा आजीच्या हिश्श्याचा हक्कसोड मागतोय, तर आधी कागद की आधी भेट? आजीची एकदाणी, पाटल्या आणि चांदीचे वाळे मामीकडे आहेत, ते कसे वाटायचे? आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गावी आजीच्या नावाने पाण्याची घागर भरणार आहेत, तेव्हाच दोघींची गाठ घालून द्यावी का?

मायमाहेर

पहिला फोन थोरलीनेच करावा. इथे मानपानाचा प्रश्न नाही. धाकटीने केला तर गावात लगेच 'हिस्सा मागायला बहिणीला हाताशी धरतेय' असं होतं. तुमच्या आईने सही आधीच दिलेली आहे, त्यामुळे तिच्या फोनमागे कोणी जमीन शोधणार नाही.

फोनला निमित्त हवं, आणि ते समोरच्याला काहीतरी सांगता येईल असं हवं. 'कशी आहेस?' याला 'बरी' म्हटलं की बोलणं संपतं. 'आईचा फोटो मोठा करून घ्यायचाय, तुझ्याकडे कोणता चांगला आहे?' असं विचारलं की मावशीला पेटी उघडावी लागते, शोधावं लागतं आणि पुन्हा फोन करावा लागतो. तो दुसरा फोन तिच्याकडून येणं फार महत्त्वाचं. पहिला फोन पाच-सात मिनिटांत आटोपता घ्या.

मावशीने जुना विषय काढलाच तर आईने एवढंच म्हणावं: 'त्याबद्दल समोर बसून बोलू, मला तुझं ऐकून घ्यायचंय.' फोनवर खुलासे नकोत. शेजारी कोण बसलंय, स्पीकर चालू आहे का, काही कळत नाही. नवरा किंवा सून ऐकत असली की माणूस आपल्या मनातलं न बोलता त्यांच्या कानाला बरं वाटेल ते बोलतो. लांबलचक व्हॉट्सअ‍ॅप मेसेज तर अजिबात नको, तो पुढे पाठवला जातो आणि पुढच्या भांडणात पुरावा म्हणून बाहेर निघतो.

आणि तुम्ही निरोप्या होऊ नका. नंबर द्या, सोयीची वेळ कळवा, बस. 'मावशी असं म्हणाली, आई तसं म्हणाली' सुरू झालं की दोघी तुमच्याशीच बोलत राहतील, एकमेकींशी बोलायची गरजच उरणार नाही.

तलाठी_कार्यालयाबाहेर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: वारस नोंद (सातबाऱ्यावर आजीच्या जागी वारसांची नावं लावणं) आत्ता, हक्कसोड नंतर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि घरोघरी त्या मुद्दाम किंवा अजाणता एकत्र केल्या जातात. अबोले बहुतेक तिथेच सुरू होतात.

मृत्युपत्र नाही असं धरून हिशोब असा: सहा एकर म्हणजे २४० गुंठे. आजोबांनंतर आजी, मामा, आई, मावशी अशा चौघांना प्रत्येकी ६० गुंठे. आईने तिचे ६० मामाला दिले. आता आजीच्या ६० गुंठ्यांचे तीन वारस, प्रत्येकी २०. म्हणजे शेवटी मामा १४०, मावशी ८०, आई २०. आजोबांच्या वेळचा हक्कसोड आजीच्या हिश्श्याला लागू होत नाही, कारण हा वारसा नव्याने उघडला आहे. आजी हयात असताना 'पुढे येणारा वाटाही सोडला' असं कोणी लिहून घेतलं असेल तर तेही सहसा टिकत नाही.

वारस नोंदीचा अर्ज कोणताही एक वारस करू शकतो, ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनसुद्धा. लागतं काय: मृत्यूचा दाखला, चालू सातबारा आणि ८-अ (खातेउतारा), सगळ्या वारसांची नावं, वय, पत्ता, नातं लिहिलेलं अर्जदाराचं प्रतिज्ञापत्र आणि ओळखपत्र. कायद्याप्रमाणे तीन महिन्यांत कळवायचं असतं. आजी माघात गेल्या, म्हणजे मुदत आखाजीच्या सुमारास भरते. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण कशाला लांबवायचं? नंतर फेरफाराची (जमिनीच्या नोंदीतल्या बदलाची) नोटीस निघते, हरकतीसाठी १५ दिवस असतात आणि मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतात.

गडबड होते ती प्रतिज्ञापत्रात. त्यात बहिणींची नावं वगळली जातात आणि नोटीस जुन्या पत्त्यावर जाते. म्हणून 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून फेरफाराची नोटीस स्वतः वाचा. तिघांची नावं सातबाऱ्यावर लागली की घाई संपते. मग कोणाला सोडायचं असेल त्याने वर्षाने सोडावं, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करून, आणि कोणाच्या नावे सोडतोय ते नीट वाचून. एकदा नोंदवलेला हक्कसोड सहजासहजी मागे घेता येत नाही.

गिरणा_पांझरा

भेटीबद्दल. आखाजीला पहिली भेट नको. त्या दिवशी अंगणभर भाऊबंद असतात, गल्लीतल्या माहेरवाशिणी असतात, सगळ्यांचे डोळे या दोघींवर राहतील. गंधमुक्तीला (उत्तरकार्याला) बोलणं झालं नसेल तर त्याचं कारणही तेच, दुखवट्याच्या कपड्यांच्या आणि पाहुण्यांच्या गर्दीत कोणी मन मोकळं करत नाही.

आखाजीच्या आठ-दहा दिवस आधी अमळनेरला भेटा. भुसावळ-सुरत मार्गावर दोघींच्या मधलं स्टेशन आहे, सकाळी येऊन संध्याकाळी घरी पोचता येतं. कोणाच्या घरी नको, माहेरीही नको. मंगळग्रह मंदिराचं आवार चालेल, फक्त मंगळवार टाळा, गर्दी असते. ऊन्ह तापायच्या आत बसा. दोघीच, नवरे नकोत, मुलं नकोत. दोन तास पुष्कळ झाले. आधी फक्त आजीबद्दल बोला: शेवटचे दिवस कसे गेले, औषध कोण देत होतं, काय खावंसं वाटत होतं. जी तेव्हा जवळ नव्हती तिला हे माहीत नसतं आणि तेच तिला खात असतं. जमिनीवर बोलणं आलं तर तुमच्या आईने मावशीला 'तू सही न देण्यात तुझं काय म्हणणं होतं?' एवढं विचारावं आणि मध्ये न बोलता ऐकावं. त्याच भेटीत पटायला हवं असं नाही.

मग आखाजीला दोघींनी जावं. मामाने दोघींना एकाच दिवशी बोलावणं पाठवावं; एकीला आधी आणि दुसरीला मागून कळलं तर तेवढ्यावरूनही बिनसतं. मामीला आधी विचारा. घागरीवरच्या खरबुजाची आणि आंब्यांची सोय एकीने करावी, सांजोऱ्या दुसरीने कराव्यात. रीत घराघरात बदलते, गावाकडे काय काय लागतं ते मामीच सांगेल. हातात काम असलं की शेजारी बसणं सोपं जातं.

मायमाहेर

दागिन्यांचं: आजोबा नाहीत, म्हणजे तिन्ही मुलांचे सारखे वाटे. आधी आजीने कोणाला तोंडी काही दिलं होतं का ते वजनापूर्वी बोलून घ्या. वजनानंतर निघालेलं 'आईने मला कबूल केलं होतं' कोणी खरं मानत नाही. मग तिघांसमोर सोनाराकडे प्रत्येक नगाचं वजन करा. पाटल्यांत लाखेचा भराव असेल तर निव्वळ सोन्याचा अंदाज वेगळा लिहून घ्या. मोडून वाटू नका, घट आणि मजुरी दोन्ही जातात. ज्याला नग हवा त्याने नग घ्यावा आणि फरक पैशात द्यावा, त्या दिवसाच्या भावाने. एकाच नगावर दोघींचं मन असेल तर चिठ्ठी टाका. यादीवर तिघांच्या सह्या, प्रत्येकाकडे एक प्रत.

बोरीकाठची_भाची

सगळ्यांचे आभार. आई आज दुपारी फोटोसाठी फोन करते म्हणाली. एक राहिलं: मामा म्हणतोय की वारस नोंदीसाठीच बहिणींच्या कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या लागतात. खरं आहे का?

तलाठी_कार्यालयाबाहेर

नाही. वारस नोंदीला कोऱ्या स्टॅम्पपेपरचं काहीच काम नाही. मामाशी भांडू नका, अर्जच तुमच्या आईच्या नावाने करा आणि प्रतिज्ञापत्रात तिघांची नावं वयाच्या क्रमाने घाला. अर्जाची पोच मामाला आणि मावशीला एकाच वेळी पाठवा.