मुलींनी मशीन शॉपमध्ये उतरायलाच हवं

मुलीने ऑटोकॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग काढायचं सॉफ्टवेअर, शिकावं का, असं एका ताईंनी इथे विचारलंय. त्यावर 'ड्राफ्टिंग, म्हणजे यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढणं, हे खुर्चीत बसून करायचं काम, मुलींना सोयीचं' असं कुणीतरी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही.

मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन मेकॅनिकल केलं. भोसरीत एका कारखान्यात लागले तेव्हा सगळं ड्रॉइंग बोर्डावर हाताने चालायचं. ए-झीरोचा ८४१ बाय ११८९ मिमीचा ट्रेसिंग पेपर, त्यावर रोट्रिंगच्या पेनाने शाई. रेघ चुकली की अर्ध्या ब्लेडने अलगद खरवडायची, मग जागा नखाने घासून गुळगुळीत करायची, नाहीतर नवी शाई पसरते. अमोनिया प्रिंटचा, म्हणजे ट्रेसिंगवरून काढलेल्या प्रतींचा, वास ओढणीला घरापर्यंत यायचा. ते सगळं जमलं.

अडवलं गेलं ते शॉपच्या, म्हणजे खाली जिथे मशीनवर पार्ट बनतात त्या विभागाच्या, दारात. "मॅडम, तुम्ही वरच बसा, मापं आम्ही पाठवतो." एकदा बेअरिंग हाउसिंगच्या बोअरचं, म्हणजे बेअरिंग बसतं त्या भोकाचं, माप चिठ्ठीवर नुसतं ८० मिमी आलं. मी तसंच काढलं. पार्ट ढिला निघाला आणि बोल ड्रॉइंगला लागला. तिथे ८० एच७ हवं होतं, म्हणजे ८० मिमीपेक्षा फार तर ३० मायक्रॉन (मिमीचे हजारावे भाग) जास्त, कमी अजिबात नाही. चिठ्ठीवरून हे कसं कळणार? त्यानंतर मी कुणाला न विचारता खाली जाऊ लागले. भोकाचं माप घ्यायचा बोअर गेज कसा धरायचा ते एका म्हाताऱ्या टर्नरकाकांनी शिकवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

प्रश्न विचारणाऱ्या ताईंच्या मुलीने ऑटोकॅड शिकावंच. पण मुलाखतीत आधी हे विचारावं, की माप घ्यायला मला मशीनपाशी जाऊ देणार का?