नागपूरच्या महाल भागात ऑफिसची ट्रेझर हंट करायची आहे, कोणी केली आहे का? रूट आणि क्लू सुचवा

मिहानवाली

नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस मिहानला, म्हणजे एअरपोर्टजवळच्या कंपन्यांच्या भागात, टीम ३६ जणांची. गेले दोन वर्ष टीम आउटिंग म्हणजे रिसॉर्ट, डीजे, जेवण आणि परत बस. खरं सांगते, सपोर्टवाले जाताना सपोर्टवाल्यांसोबत बसतात, टेस्टिंगवाले टेस्टिंगवाल्यांसोबत, आणि येतानाही तसंच. यावेळी ठरवायचं काम माझ्याकडे आलं तर मी म्हटलं जुन्या नागपुरातच ट्रेझर हंट ठेवू. टीममधले अर्धे इंदूर, हैदराबाद, पुण्याचे आहेत, तीन-तीन वर्षांपासून इथे राहून राह्यले पण त्यांचं नागपूर म्हणजे वर्धा रोड, एअरपोर्ट आणि मॉल. आणि आमचे मनीषनगर-बेसाकडचे पोरंपोरीसुद्धा महालात गेले असतील तर लग्नाच्या खरेदीला, तेही आईच्या मागे मागे पिशव्या धरून.

माझ्या डोक्यात असं आहे की झिरो माइलवरून सुरू करायचं, मग सीताबर्डी किल्ला, तिथून गांधीगेट, भोसल्यांचा वाडा, शुक्रवारी तलाव आणि शेवटी इतवारी. अर्धा दिवस मिळाला आहे. सहा-सहा जणांच्या सहा टीम होतील. क्लू किती ठेवायचे, अ‍ॅपवर द्यायचे की चिठ्ठ्या, आणि तिथल्या लोकांना आमचा त्रास तर नाही होणार ना, हे सांगा प्लीज. माझं माहेर अमरावतीचं आहे त्यामुळे महालातल्या गल्ल्या मला स्वतःला नीट माहीत नाहीत.

कोडं_सुटलं

आम्ही दोनदा केली आहे ताई, म्हणून लांब लिहितो.

आधी रूट. झिरो माइल काढून टाका. दगडी घोडे आणि खांब छान आहेत, बाहेरच्यांना दाखवायलाच पाहिजेत, पण ते वेगळ्या दिवशी, कारण तिथून महाल दोन-तीन किलोमीटर लांब पडतो आणि मधे सगळं सीताबर्डीचं ट्रॅफिक. किल्ला आर्मीकडे आहे, सामान्य लोकांना वर्षातून तीनच दिवस सोडतात, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, म्हणजे तुमच्या कामाचा नाही. जे करायचं ते गांधीगेट, बडकस चौक, केळीबाग रोड, तलाव आणि फार तर चितारओळीपर्यंत. सगळं पायी, गाडी एकही नाही.

आता क्लू. आमच्या पहिल्या वेळी क्लू असे होते की "नागपूर शहर वसवणारा गोंड राजा कोण". उत्तर बख्त बुलंद शाह, १७०२, हे फोनवर दहा सेकंदात येतं. झालं काय की टीममधला एक जण चौकात फोनमधे बघायचा आणि बाकीचे पाच त्याच्या मागे उभे. चाळीस मिनिटात एक टीम संपवून मोकळी झाली, कोणी कोणाशी बोललं नाही, आणि महालात तर त्यांनी काहीच पाह्यलं नाही. म्हणून दुसऱ्या वेळी मी एकच नियम धरला, उत्तर फोनमधे सापडत असेल तर तो क्लूच नाही. उत्तर एकतर डोळ्यांनी शोधायचं, नाहीतर तिथल्या माणसाला विचारायचं.

महाल याच्यासाठी फार चांगला आहे कारण इथल्या कितीतरी वास्तू आज नाहीत पण त्यांची नावं आहेत. भोसल्यांचा मोठा राजवाडा १८६४ च्या आगीत जळाला, नगारखाना तेवढा वाचला. गोंड राजा चांद सुलतानानं बांधलेला शहराचा कोट गेला, दरवाजा राह्यला. आमचा सगळ्यात चांगला चाललेला क्लू सांगतो, तुम्ही थोडा बदलून वापरा: "आमच्या दोघांचा वार एकच. एक पाण्याचा, एक दगडाचा. नंतर दोघांनाही एकाच माणसाचं नाव दिलं. दगडाच्या खालून जा आणि ज्याचे केस पांढरे आहेत त्याला आमचं जुनं नाव विचारा." जुम्मा तलाव म्हणजे शुक्रवारी तलाव, आता गांधीसागर. जुम्मा दरवाजा म्हणजे आता गांधीगेट. आमच्या एका टीमनं तिथे एका म्हाताऱ्या सायकलवाल्या काकांना विचारलं, त्यांनी नाव तर सांगितलंच, वर पंधरा मिनिटं एम्प्रेस मिलचा भोंगा कसा वाजायचा आणि घरोघरी त्यावर घड्याळ कसं लावायचे ते सांगत बसले. १८७७ ला सुरू झालेली टाटांची मिल, त्या काकांच्या वडिलांची सगळी नोकरी तिथे गेली. ती टीम हरली आणि सोमवारी ऑफिसमधे बोलणं फक्त त्यांचंच चालू होतं.

बाकी कामाच्या गोष्टी. सात क्लू पुरे, दहा केले तर धावपळ होते. सगळ्या टीमला क्लू तेच पण क्रम वेगळा, पहिली टीम तलावापासून, दुसरी बडकस चौकापासून, असं, नाहीतर सहाच्या सहा टीम एकाच ओट्यासमोर येऊन उभ्या राहतात आणि मागचे पुढच्यांचं बघून घेतात. शेवटचं ठिकाण सगळ्यांचं एक. कागदी चिठ्ठ्या, एका टीमला एकच फोन, तोही फोटोपुरता. आणि क्लू दर वेळी वेगळ्या माणसानं मोठ्यानं वाचायचा. हे बारीक वाटतं पण आमच्याकडे एक पोरगी आहे जी मीटिंगमधे कधी तोंड उघडत नाही, तिच्या वाट्याला तिसरा क्लू आला आणि सुटला तो तिच्याचमुळे, कारण तिला मोडी अक्षरं ओळखू येत होती, आजोबांकडून शिकलेली. दोन वर्ष बाजूला बसून कोणाला माहीत नव्हतं.

गांधीगेटकर

मी जन्मापासून महालात राहतो. तुम्ही विचारलं की लोकांना त्रास होईल का, हे विचारलं हेच खूप आहे, म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमधे कुठल्यातरी कंपनीचे लोक आले होते, सगळ्यांचे एकसारखे टीशर्ट, गळ्यात शिट्ट्या. आमच्या गल्लीत खाट टाकून त्यावर जुनं लुगडं अंथरून काकूनं कुरड्या घातल्या होत्या. तीन दिवस गहू भिजवायचा, वाटायचा, चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा, मग सोऱ्यानं एकेक कुरडई पाडायची, बासष्ट वर्षांची बाई आहे ती. चार पोट्टे धावत आले, एकाला पलीकडच्या भिंतीवरच्या पाटीचा फोटो पाहिजे होता, तो सरळ खाटेच्या कडेवर पाय देऊन चढला. खाट कलंडली. ओल्या कुरड्यांवर बुटाचा ठसा जसाच्या तसा. "सॉरी आंटी" म्हणून पळाले, कारण त्यांचा टाइम चालू होता. काकू काही बोलली नाही, लुगडं गोळा केलं आणि आत गेली. मले अजूनही तो दिवस आठवला की राग येतो.

म्हणून माझी विनंती एवढीच की टाइमवर मार्क ठेवू नका. जो पहिला आला तो जिंकला असं केलं की चांगली माणसंही धावतात, आणि आमच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकाला मागे घ्यावी लागते. रुक्मिणी मंदिर किंवा कल्याणेश्वर घेणार असाल तर जोडे बाहेर, आवाज कमी, आणि आरतीच्या वेळेला टीम पाठवू नका. वाडे पाहायला मिळावे असं सगळ्यांना वाटतं पण त्यात लोक राहतात. दारातून आत वाकून फोटो काढू नका, हाक मारा, विचारा, दहातले आठ जण स्वतःहून आत बोलावतील आणि पाणी देतील. छत्तीस लोक आहेत तर कोतवाली पोलीस स्टेशनला आधी एक साधा अर्ज देऊन ठेवा. आणि रविवारी सकाळी आठला या, दुकानं उघडायच्या आधी रस्ता मोकळा असतो आणि म्हातारे लोक ओट्यावर पेपर घेऊन बसलेले असतात.

मिहानवाली

गांधीगेटकर दादा, वाचून खूप वाईट वाटलं. माझी आई पण उन्हाळ्यात कुरड्या करते त्यामुळे तो ठसा डोळ्यासमोर आला. टाइमवर मार्क कॅन्सल, आजच मॅनेजरला सांगितलं. त्यांना विनर पाहिजे आहे म्हणून मी म्हटलं विनर ठरवू पण वेगाने नाही, जी टीम तिथल्या माणसांकडून ऐकलेली जास्तीत जास्त चांगली गोष्ट परत येऊन सांगेल ती.

दोन अडचणी राहिल्या. आमच्या एका मैत्रिणीला सहावा महिना आहे, आणि एका सरांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना बसवून ठेवायचं का? आणि टीममधे दोघं खुद्द इतवारीचे आहेत, त्यांना तर सगळंच माहीत असणार.

जुनी_शुक्रवारी

त्या दोघांना बसवून स्कोअर लिहायला लावू नका हो, ते फार लागतं मनाला. मी पायाचं प्लास्टर असताना असं एकदा बसली आहे, सगळे हसत परत येतात आणि आपल्याला काहीच माहीत नसतं. त्यांना शेवटच्या ठिकाणी आधीच नेऊन बसवा आणि शेवटच्या क्लूचा अर्धा भाग त्यांच्याकडे द्या, म्हणजे प्रत्येक टीमला त्यांच्याशी बसून बोलल्याशिवाय सुटणारच नाही. इतवारीच्या दोघांना खेळवू नका, क्लू त्यांच्याकडूनच लिहून घ्या. त्यांच्या आईवडिलांना विचारा, तुम्हाला नेटवर दहा दिवसात मिळणार नाही ते संध्याकाळच्या चहाला मिळेल.

बायकांसाठी एक गोष्ट जी कोणी लिहिली नाही. महालात फिरताना बाथरूमचा प्रश्न मोठा आहे. सुरुवात आणि शेवट अशा जागी ठेवा जिथे स्वच्छ टॉयलेट नक्की आहे, आणि मधे एक ठिकाण आधी स्वतः जाऊन पाहून या. नाहीतर पोरी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. डिसेंबर-जानेवारी घ्या, मार्चनंतर विचारही करू नका.

बस पण नको. खापरीवरून मेट्रोत बसवा, सीताबर्डीला गाडी बदलून चितारओळी चौकाला उतरा. पहिली चिठ्ठी मेट्रोतच द्या. चितारओळीत मूर्ती करणाऱ्यांची घरं आहेत, जानेवारीत त्यांची गर्दी नसते तर निवांत बोलतात, गणपतीच्या आधी मात्र त्यांच्या कामात जाऊ नका. मारबतीवर एक क्लू ठेवाच. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मिरवणुकीत निघतात ते मोठे पुतळे, काळी आणि पिवळी मारबत, त्यातली जुनी कोणती हे विचारा. काळी १८८१ ची, पिवळी १८८५ ची, पण वर्षापेक्षा मजा याच्यात आहे की ज्याला विचाराल तो "इडा पीडा घेऊन जा गे मारबत" स्वतः ओरडून दाखवतो. हैदराबादच्या पोरांना सांगा की सगळ्यांनी तसंच ओरडून त्याचा व्हिडिओ आणायचा, ओरडणारा मधे पाहिजे.

आणि एक अगदी सोपा क्लू, वार गोळा करा. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी, पाट्यांवर जितके वार दिसतील तितके लिहून आणा. बाहेरच्यांना हे कधी लक्षातच येत नाही की आपलं अर्धं जुनं शहर आठवड्याच्या बाजारांवर वसलं आहे.

मिहानवाली

किती छान लिहिता तुम्ही सगळे. तारीख ठरली, जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी आठ. मी पुढच्या शनिवारी इतवारीच्या त्या दोघांसोबत पूर्ण रूट चालून पाहणार आहे, टॉयलेटसकट. शेवट तर्री पोह्यांवर करू आणि जिंकणाऱ्या टीमला संत्रा बर्फी, पण डबा सहाचा नाही, छत्तीसचा. सपोर्ट आणि टेस्टिंगचे मिसळून प्रत्येक टीममधे टाकले आहेत.

हा एक क्लू मी केला, जमला का बघा: "घर गेलं, घरातला आवाज राहिला. आता तिथे कोण वाजवत नाही. मला शोधा आणि शेजारच्या कोणाला विचारा की त्यांनी माझ्याबद्दल लहानपणी काय ऐकलं."

कोडं_सुटलं

नगारखाना. जमला. "कोण वाजवत नाही" च्या जागी "आता कोणी वाजवत नाही" करा, नाहीतर लोक "कोण" चं उत्तर शोधत बसतील. बाकी हात लावू नका.

गांधीगेटकर

काल रात्री काकूला हे सगळं वाचून दाखवलं. आधी म्हणाली मला काही सांगू नको त्या लोकांचं. मग सकाळी चहा देताना विचारलं, किती जण येऊन राह्यले म्हणे. ओसरीवर एका वेळी एक टीम बसली तर चालेल म्हणाली, पण चपला बाहेर, चालत यायचं, आणि प्रश्न काय विचारायचा ते तीच ठरवणार, आधी कोणाला सांगणार नाही, मलाही नाही. चालत असेल तर मेसेज करा, घर दाखवतो.