दुरुस्त करता येणारा लॅपटॉप दीर्घकाळ वापरलेल्यांचे अनुभव आणि सल्ला हवा आहे

धागाकर्ता

नमस्कार. माझा लॅपटॉप चार वर्षांचा आहे. त्याची ८ जीबी रॅम मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य सर्किट-बोर्डवर) सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची जोडलेली असल्यामुळे ती वाढवता येत नाही, बॅटरी आतून चिकटवलेली आहे, आणि आता कीबोर्डवरील दोन कळा बंद पडल्यावर असे कळले की कीबोर्ड वरच्या आवरणाला रिव्हेटने ठोकलेला असल्याने तो संपूर्ण भागच बदलावा लागेल. लेखन, भाषांतर आणि थोडेफार फोटो-संपादन एवढ्या माझ्या कामाला त्याचा प्रोसेसर अजूनही पुरेसा आहे. दोन कळांपायी धडधाकट यंत्र मोडीत काढायचे, हे काही मनाला पटत नाही.

म्हणून पुढचा लॅपटॉप घरी उघडता येईल, भाग बदलता येतील असाच घ्यावा, असे ठरवले आहे. ज्यांनी असे यंत्र किमान चार-पाच वर्षे वापरले आहे, त्यांनी प्रत्यक्षात कोणते भाग बदलले? घेतानाच कशावर खर्च करावा आणि काय नंतरवर ढकलावे? उपलब्ध मॉडेलांची यादी मला सहज मिळेल, पण चौथ्या-पाचव्या वर्षी काय होते, ते वापरणाऱ्यालाच माहीत असते.

प्रतिसाद १

मी कार्यालयीन वापरासाठीच्या श्रेणीतला एक लॅपटॉप २०१९च्या अखेरीस घेतला आणि तो आजही माझे रोजचे यंत्र आहे. रॅमसाठी दोन खाचा, एम.२ एसएसडी (फायली साठवणारी, काढता-बसवता येणारी चपटी पट्टी), स्क्रूने बसवलेली बॅटरी आणि सुटा निघणारा कीबोर्ड, एवढे पाहूनच तो निवडला होता.

पहिली दीड-दोन वर्षे झाकण उघडण्याची वेळच आली नाही. त्यानंतर रॅमच्या ८ जीबीच्या एका पट्टीला तशीच दुसरी जोडली. प्रोसेसरमधले ग्राफिक्स याच मेमरीवर चालत असल्याने दोन पट्ट्या एकत्र काम करू लागल्यावर फोटो-संपादनातला फरक लगेच जाणवला. तिसऱ्या वर्षी २५६ जीबीची एसएसडी काढून १ टीबीची बसवली. ही दोन्ही कामे इतकी सोपी आहेत की त्यांविषयी अधिक लिहीत नाही.

खरी कसोटी लागली ती चौथ्या वर्षी. टचपॅड दाबताना कडक लागू लागला. आत धूळ अडकली असेल, असे समजून मी दोन आठवडे दुर्लक्ष केले. मग एके सकाळी सपाट टेबलावर ठेवलेला लॅपटॉप एका कोपऱ्यावर डुलताना दिसला, तेव्हा शंका येऊन झाकण उघडले. बॅटरीच्या तीन कप्प्यांपैकी मधला उशीसारखा फुगून टचपॅडला खालून रेटत होता. मी चार्जर काढून यंत्र बंद केले, बॅटरीचा कनेक्टर सोडवला, चार स्क्रू काढले आणि ती अलगद उचलून बाहेर घेतली. दहा मिनिटेही लागली नाहीत. हीच बॅटरी चिकटवलेली असती, तर फुगलेला कप्पा पट्टीने उचकटावा लागला असता, आणि तो वाकला किंवा त्याला भोक पडले तर आग लागू शकते. बॅटरी स्क्रूने बसवलेली असावी, असा माझा आग्रह सोयीपेक्षा सुरक्षिततेसाठी अधिक आहे. (काढलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, ई-कचरा संकलनातच द्या.)

इथे माझी एक चूक झाली. मूळ उत्पादकाची बॅटरी मिळायला वेळ लागणार होता, म्हणून मी दुसऱ्याच एका विक्रेत्याकडून 'हुबेहूब' बॅटरी घेतली. तिच्यावर छापलेली क्षमता मूळ बॅटरीइतकीच होती, परंतु ती वर्षभरातच निम्म्यावर आली, आणि अखेर मूळ बॅटरी घेतलीच. तेव्हापासून चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवतो, कारण लिथियम-आयन बॅटरी सतत पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि उष्णतेत राहिली की लवकर झिजते.

पुढे पंखा घरघरू लागला म्हणून तो बदलला आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्टही (उष्णता बाहेर वाहून नेणारा लेप) त्याच वेळी नवी लावली. बिजागऱ्या मात्र अजून मूळच्याच आहेत.

आता तुमच्या खर्चाच्या प्रश्नाविषयी. स्क्रीन, कीबोर्ड, बिजागऱ्या आणि बांधणी यांच्याशी रोज गाठ असते, आणि प्रोसेसर सहसा बदलता येत नाही. त्यामुळे पैसा तिथे घाला. रॅम आणि एसएसडी किमान घेतली तरी चालते. आणि घेण्यापूर्वी त्या मॉडेलची सेवा-पुस्तिका (भाग कसे काढायचे-बसवायचे ते सांगणारी) उत्पादकाने सर्वांसाठी खुली ठेवली आहे का, ते पाहा. असेल, तर बॅटरी, पंखा आणि कीबोर्ड काढण्यासाठी आधी किती भाग सोडवावे लागतात, ते मोजा. कीबोर्डसाठी मदरबोर्डच बाहेर काढावा लागत असेल, तर जाहिरातीत काहीही लिहिलेले असो, ते यंत्र तुमच्या उपयोगाचे नाही.

प्रतिसाद २

वरील अनुभवाला एक पुरवणी. मदरबोर्डही बदलता येणारे लॅपटॉप आता आहेत. फ्रेमवर्क कंपनीने २०२१मध्ये १३.५ इंची लॅपटॉप बाजारात आणला आणि त्यानंतरचे इंटेल व एएमडी या दोन्हींचे नवे बोर्ड त्याच सांगाड्यात बसतील अशी रचना कायम ठेवली. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी तीच ठेवून प्रोसेसरची पुढची पिढी घेता येते. मात्र बोर्ड बसतो म्हणजे जुने सगळेच चालते, असे नाही. इंटेलच्या सुरुवातीच्या बोर्डांना डीडीआर ४ प्रकारची रॅम लागते, तर २०२३च्या एएमडी बोर्डाला तिच्या पुढच्या पिढीची, डीडीआर ५. म्हणजे बोर्डाबरोबर रॅमही नवी घ्यावी लागते. हा खर्च हिशेबात आधीच धरा.

बोर्ड बदलण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की दुसरीकडे जपून ठेवा, कारण डिस्क उघडणारी किल्ली बोर्डावरील सुरक्षा-चिपशी बांधलेली असते आणि नवा बोर्ड लागताच विंडोज ती की मागते. काढलेला बोर्ड स्क्रीनशिवायही चालतो. मी माझ्या जुन्या बोर्डाला डब्यात बसवून घरातल्या फायलींचा साठा त्यावर ठेवला आहे.

प्रतिसाद ३

दुसरी बाजूही सांगायला हवी. सोल्डर केलेली एलपीडीडीआर (कमी विजेवर चालणाऱ्या प्रकारची) रॅम वीज कमी खाते आणि जागाही कमी घेते, त्यामुळे वजन आणि बॅटरीचे तास हेच तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचे असतील, तर खाचांचा आग्रह महागात पडेल. एलपीकॅम २ या प्रकारात हीच कमी विजेची मेमरी स्क्रूने बसवता आणि काढता येते. ती असलेले यंत्र तुमच्या खर्चात बसत असेल, तर त्याचा जरूर विचार करा.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. माझा लॅपटॉप बहुतेक वेळ टेबलावरच असतो, त्यामुळे वजनाची अडचण नाही. निवडलेल्या तीन मॉडेलांच्या सेवा-पुस्तिका काल रात्री वाचल्या. त्यांपैकी एकात कीबोर्डसाठी मदरबोर्ड बाहेर काढावा लागतो, म्हणून ते बाद केले. एक शेवटची शंका: पूर्वी कधीही लॅपटॉप उघडलेला नसताना सुरुवात कशी करावी?

प्रतिसाद १

योग्य मापाचा स्क्रूड्रायव्हर घ्या; जवळपास बसणाऱ्या मापाने स्क्रूचे डोके झिजते आणि मग तो निघतच नाही. प्रत्येक स्क्रूची लांबी वेगळी असू शकते, म्हणून कागदावर झाकणाचा आराखडा काढून जिथला स्क्रू तिथेच चिकटपट्टीने लावून ठेवा. सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवा. चपट्या केबलला ओढण्यापूर्वी तिच्या टोकाशी असलेली बारीक खिट्टी नखाने वर करा. ती उघडली की केबल आपोआप सैल होते. पहिल्यांदा काहीही न बदलता केवळ पंख्यावरची धूळ ब्रशने झाडून झाकण पुन्हा लावा. पुढच्या वेळी हात थरथरणार नाही.