१२३४५६७८९८७६५४३२१ : हे गणित की नुसती आकड्यांची करमणूक?

शून्यशेष
नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग केला की ही संख्या येते. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर अशा संख्यांना डेम्लो म्हणत. डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून. कापरेकरांबद्दल आदर आहेच, पण ही वर्गवारी मला गणिताची वाटत नाही. दहा एक घ्या, १२३४५६७९००९८७६५४३२१ येतं, सगळी शोभा गेली. द्विमानात, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहा, १ ते ९ ची चढउतार दिसणारच नाही. उलट ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग हे अवयव कुठल्याही पद्धतीत तेच. पूर्ण वर्ग आहे म्हणून विभाजकांची संख्याही विषम, ४५. हे संख्येचे गुण, बाकीचे लिखाणाचे. ८७१२ आणि ९८०१ या आपले अंक उलटे लिहून मिळणाऱ्या संख्येच्या अनुक्रमे चौपट आणि नऊपट आहेत. इंग्रज गणिती हार्डींनी १९४० मध्ये त्यांनाही कोड्यांच्या सदरातच बसवलं होतं.

फळा_खडू
अजिबात पटलं नाही. गुणाकार कागदावर मांडा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उजव्या टोकाला एकच एक, शेजारी दोन, मधल्या रकान्यात नऊ, मग उतरण. हातचा कुठेच नाही. दहा एक घेतले की मधली बेरीज दहा होते आणि हातचा येतो. शोभा का गेली याचं कारण तिथेच आहे! आणि हे दशमानापुरतं नाही. आठाच्या पायावर, म्हणजे फक्त ० ते ७ हे अंक वापरून, सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असाच येतो. शिवाय आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला पूर्ण भाग जातो, म्हणून ती हर्षदही आहे. कुठल्याही पायावर, पायापेक्षा एकाने कमी इतके एक घेतले, तर हे घडतंच. सरसकट लागू पडणारं, सिद्ध करता येणारं विधान करमणूक कसं?

शून्यशेष
मग श्रेय बीजगणिताला द्या, तो १ + x + x² + … अशा बहुपदीचा वर्ग आहे, x म्हणजे पाया. १८ हर्षद आहे, बरं, पुढे काय? संख्या मूळ आहे म्हटलं की लगेच फर्माचा छोटा प्रमेय (p मूळ असेल तर aᵖ − a ला p ने भाग जातो) लावता येतो.

एकांची_रांग
पुढे हे: सलग २० हर्षद संख्या सापडतात, २१ कधीच नाहीत. कूपर आणि केनेडी या गणितींनी १९९३ मध्ये सिद्ध केलंय. आणि द्विमानात नुसते एक लिहीत गेलात तर मर्सेन संख्या, म्हणजे २ च्या घातातून १ वजा केलेल्या संख्या मिळतात. २०२४ च्या ऑक्टोबरात जाहीर झालेली विक्रमी मूळ संख्या म्हणजे द्विमानात १३,६२,७९,८४१ एकांची रांग.

शून्यशेष
मर्सेनचं मोल २ च्या घातामुळे, रांगेमुळे नाही. दशमानात १९, २३, ३१७ एकांच्या संख्या मूळ आहेत. अशा अनंत आहेत का, हा प्रश्न मी खुशाल गणिताचा मानतो, कारण तो मूळ संख्यांचा आहे. पण २१ ची सिद्धता दहाच्या पायालाच बांधलेली असणार.

एकांची_रांग
नाही. पाया कुठलाही घ्या, सलग हर्षद संख्या पायाच्या दुपटीपेक्षा जास्त असूच शकत नाहीत. हे गणिती ग्रंडमन यांनी सिद्ध केलंय.